पैसे पोचले, मग विमा का तुटला?

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,


गाडीच्या इन्शुरन्सच्या बिलात कंपनीचा आकडा चुकला आणि त्यापायी विमा मध्येच तुटला, तर ती तूट कुणाच्या नावावर मांडायची? या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे. आज ती बिनबोभाट गाडीमालकाच्या नावावर मांडली जाते. त्याने मुदतीत पैसे भरलेले असोत, ते कंपनीच्या खात्यात जमा झालेले असोत, पावतीचा एसएमएस त्याच्या मोबाइलवर असो, पॉलिसी ‘इश्यू’ झाली नसेल तर कायद्याच्या आणि पोलिसांच्या लेखी तो विनाविमा गाडी चालवणारा माणूस ठरतो. हे मला माझ्याच गाडीपायी कळलं. पण प्रश्न माझ्या एका गाडीचा असता तर कंपनीच्या तक्रार कक्षाला चार ओळी लिहून मी गप्प बसलो असतो. आपल्याला लिहितो आहे, कारण ज्या कलमाकडे बोट दाखवून कंपन्या हात वर करतात, त्याच कलमात आणखीही काही लिहिलेलं आहे. ते कंपन्यांना वाचून दाखवण्याचा अधिकार आपला आहे.

घडलं ते असं. माझी गाडी आठ वर्षांची, साधी हॅचबॅक. इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर पोचलेला. मुदत संपायच्या बरीच आधी कंपनीची रिन्यूअल नोटीस आली. त्यात गाडीची ठरवलेली किंमत, ओन डॅमेजचा हप्ता, त्यातून वजा केलेला बोनस, थर्ड पार्टीचा हप्ता, त्यावर अठरा टक्के जीएसटी आणि शेवटी एक गोळाबेरीज होती. खाली पैसे भरायची लिंक. मी तेवढेच पैसे भरले, ना रुपया कमी ना जास्त. खात्यातून रक्कम गेली, ‘पेमेंट यशस्वी’ असं पडद्यावर आलं, पावती क्रमांकाचा एसएमएस आला. पॉलिसीची पीडीएफ चोवीस तासांत ईमेलवर येईल, असंही त्यात म्हटलं होतं.

ती आली नाही. विचारलं तेव्हा कस्टमर केअरने ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं. नंतर हळूहळू उलगडा झाला. नोटीस एका यंत्रणेने काढली होती आणि पॉलिसी काढणारी यंत्रणा वेगळी होती. या दुसरीत माझ्या एका जुन्या वर्षाची नोंदच आलेली नव्हती, म्हणून तिने बोनस पन्नासऐवजी पंचेचाळीस टक्के धरला. तिच्या हिशेबाने मी भरलेले पैसे काहीशे रुपयांनी कमी पडत होते. कंपन्यांच्या भाषेत याला ‘शॉर्ट प्रीमियम’ म्हणतात. शॉर्ट प्रीमियमवर पॉलिसी निघत नाही. पैसे परतही जात नाहीत, ते ‘सस्पेन्स’ खात्यात जाऊन बसतात. माझेही तिथेच बसले. ते तिथे आहेत, काहीशे रुपये कमी आहेत, भरा म्हणजे पॉलिसी निघेल, असं एका ओळीने कुणीही मला कळवलं नाही. मुदत संपली त्या रात्री बारा वाजता विमा संपला. त्यानंतर काही दिवसांनी कंपनीचा मेसेज मात्र न चुकता आला: आपली पॉलिसी लॅप्स झाली आहे, त्वरित नूतनीकरण करा.

वाण्याने स्वतःच बेरीज करून बिल हातात दिलं, आपण तेवढे पैसे मोजले, तर नंतर ‘बेरीज चुकली’ म्हणून तो पिशवीतलं धान्य परत ओतून घेत नाही आणि पैसेही गल्ल्यात ठेवून घेत नाही. विमा कंपनी हे दोन्ही करते.

मेसेज येईपर्यंतच्या दिवसांत मी गाडी चालवत होतो. नाशिकहून कसारा घाट उतरून ठाण्याला गेलो आणि परत आलो. पावसाळ्याचे दिवस, घाटात धुकं, ट्रकांची रांग. तेव्हा डोक्यात विमा नव्हता, कारण विमा आहे असंच धरून चाललो होतो. त्या रस्त्यावर माझ्या हातून एखाद्या दुचाकीवाल्याला धक्का लागला असता तर? थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते, ती का नसते हे आपल्याला सांगायला नको. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पोराबाळांची संख्या, गेलेल्या माणसाचं वय आणि कमाई बघून आकडा ठरवतं. विमा असेल तर तो आकडा कंपनी भरते, नसेल तर मालक. घर विकून भरावा लागेल असा आकडा, आणि मालकाला आपण विनाविमा आहोत याचा पत्ताही नाही.

तो पत्ता अखेर मला नाकाबंदीत पक्का लागला. हवालदाराने गाडीचा नंबर हातातल्या यंत्रात टाकला. यंत्राने विम्याची मुदत संपल्याचं दाखवलं. मी पावतीचा एसएमएस दाखवला. तो त्याने नीट वाचला, बँकेची नोंदही पाहिली आणि म्हणाला, ‘साहेब, पैसे भरलेले दिसतायत, पण पॉलिसी कुठंय?’ त्याचं बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ला पॉलिसी लागते, पावती नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 196 खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, पुन्हा सापडलं तर चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद. मी दोन हजारांचं चलान घेतलं. त्या माणसाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस होता.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. माझी तक्रार विमा लोकपालांकडे आहे आणि तिचा निवाडा तिथे व्हावा हेच योग्य. शिवाय नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल की ती कंपनीच तशी. ही सवय एका कंपनीची नाही.

आता कलमाकडे येतो. तक्रार कक्षातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने मला एकच मंत्र ऐकवला: ‘सर, सिक्स्टी फोर व्हीबी.’ विमा कायदा 1938 चं, पुढे 1968 च्या दुरुस्तीने घातलेलं कलम 64 व्हीबी. हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही, असं ते सांगतं. कलम चांगलं आहे. उधारीवर विमा विकून बाजार बिघडवणाऱ्यांना त्याने आळा बसला. क्लेमच्या प्रत्येक फायलीत सर्व्हेअरच्या अहवालाबरोबर ‘64 व्हीबी’ची खूण लागते. म्हणजे अपघाताच्या आधी पैसे आले होते का, हे हिशेब खात्याकडून ताडून घेतलं जातं. त्याशिवाय क्लेमचा कागद पुढे सरकत नाही.

पण त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे, ते मला कुणी ऐकवलं नाही. हप्ता मनीऑर्डरने किंवा टपालाने धाडलेल्या चेकने भरला असेल, तर मनीऑर्डर ज्या दिवशी बुक झाली किंवा चेक ज्या दिवशी टपालात पडला, त्या दिवसापासून जोखीम स्वीकारता येते. कंपनीच्या हातात पैसे पडले त्या दिवसापासून नव्हे. महोदय, हे पुन्हा वाचून पाहावं. कुणी चांदवडच्या पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म भरला, पैसे मोजले, शिक्का मारलेली पावती घेतली. ती मनीऑर्डर मुंबईच्या कचेरीत पोचायला आठवडा लागो, तरी त्याच्या विम्याचा दिवस पोस्टाच्या शिक्क्यावरून धरायला कायद्याची हरकत नव्हती. कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं की ग्राहकाने आपलं काम पुरं केलं की पुढचा प्रवास त्याच्या हातात नसतो, म्हणून त्या प्रवासाचा धोका त्याच्या डोक्यावर ठेवू नये.

आज पैसे काही सेकंदांत जातात. जाताना क्रमांक घेऊन जातात, कोणत्या खात्यातून निघाले, कोणत्या खात्यात पडले, कोणत्या क्षणाला, हे सगळं नोंदलं जातं. पोस्टाच्या शिक्क्यापेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का. आणि तरीही मनीऑर्डरच्या पावतीला या देशाच्या कायद्याने जो मान दिला, तो यूपीआयच्या नोंदीला माझ्या कंपनीने दिला नाही. पैसे वाटेतही नव्हते, तिच्याच खात्यात होते, फक्त तिच्याच घरातल्या दोन यंत्रणांचं आपसात जुळत नव्हतं.

आमचे एक शेजारी निवृत्त विमा एजंट आहेत. हे ऐकून ते हसले. त्यांच्या काळी ते कव्हर नोटचं पुस्तक बगलेत मारून घरोघर जायचे. ओट्यावर बसून गाडीचा नंबर लिहायचा, चेक घ्यायचा, कव्हर नोट फाडून द्यायची. केंद्रीय मोटार वाहन नियम 142 प्रमाणे ती साठ दिवस चालायची आणि तेवढ्यात पक्की पॉलिसी देणं कंपनीला बंधनकारक होतं. हिशेबात चूक निघाली तर कंपनी एजंटाच्या मानगुटीवर बसायची, एजंट पुन्हा आमच्या ओट्यावर. गाडी त्या काळात विम्याखालीच असायची. एजंट गेला, त्याचं कमिशन वाचलं, हप्ताही थोडा स्वस्त झाला, हे मान्य. पण तो जी मधली जबाबदारी वाहत होता ती कुणाकडे गेली? चॅटबॉटकडे तर ती गेलेली नाही. तो फक्त माझा मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा मागतो.

सर्वोच्च न्यायालयाने या मधल्या जागेबद्दल बरंच सांगून ठेवलं आहे, फक्त ते ग्राहकाच्या चुकीबद्दल आहे. 1997 च्या डिसेंबरात एका बसच्या प्रकरणात निकाल झाला. कंपनीने चेक घेऊन पॉलिसी दिली, चेक वटला नाही, तसं कंपनीने मालकाला कळवलं, पुढे अपघात झाला. न्यायालयाने म्हटलं की रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई कंपनीनेच द्यायची. पैसे हातात पडण्याआधी पॉलिसी देऊन तिने ही वेळ स्वतःवर आणली. 2001 मध्ये एका मारुती गाडीच्या प्रकरणात मात्र उलट बाजू सांगितली. मालकाचा चेक बाउन्स झाला असेल तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनी बांधील नाही. 2007 आणि 2012 च्या निकालांनी आणखी एक रेघ आखली. चेक वटला नाही म्हणून कंपनीने पॉलिसी रद्द केली आणि तसं मालकाला अपघाताच्या आधी कळवलं, तर ती सुटली. कळवण्याआधी अपघात झाला, तर तिऱ्हाइताची भरपाई तिच्याच गळ्यात.

या निकालांतून एक साधी रीत दिसते. ज्याच्या करणीने घोळ झाला त्याने तो निस्तरायचा आणि ज्याला घोळ माहीत आहे त्याने दुसऱ्याला वेळेत सांगायचं. चेक बाउन्स करणाऱ्या मालकालासुद्धा कळवल्याशिवाय कंपनी तिऱ्हाइताच्या देण्यातून सुटत नाही. मग ज्याचे पैसे कंपनीच्याच खात्यात पडून आहेत, ज्याने तिनेच छापलेला आकडा भरला, त्याला न कळवता ती कशी सुटते? उत्तर असं की पॉलिसी निघालीच नव्हती, त्यामुळे ती रद्द करायचा आणि कळवायचा प्रश्नच आला नाही. बाउन्स झालेल्या चेकवर पॉलिसी निघते आणि नीट जमा झालेल्या पैशांवर निघत नाही, एवढाच फरक. या फरकाने चेक बुडवणाऱ्याला जे संरक्षण मिळालं ते मला मिळालं नसतं.

पुढची गंमत विमा तुटल्यानंतर सुरू होते. आयुर्विम्यात हप्ता चुकला तर सवलतीची मुदत मिळते, सहसा तीस दिवस, मासिक हप्ता असेल तर पंधरा. आरोग्य विम्यातही आपल्याच प्राधिकरणाने ती ठरवून दिली आहे, आणि हप्त्याहप्त्याने भरणाऱ्याला त्या दिवसांत संरक्षण चालू राहील असंही म्हटलं आहे. मोटार विम्यात असं काही नाही. बारा वाजले की संपलं. त्यानंतर ओन डॅमेजसह पॉलिसी घ्यायची तर ती ‘ब्रेक-इन’ केस होते आणि गाडीची तपासणी करावी लागते. मला व्हॉट्सॲपवर लिंक आली, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चॅसिस नंबर दाखवा, काच दाखवा. मागच्या बंपरवर सोसायटीच्या खांबाचा जुना ओरखडा आहे. जुन्या पॉलिसीत तो कुणी विचारला नव्हता. नव्या पॉलिसीत तो ‘आधीचं नुकसान’ म्हणून कायमचा नोंदला गेला.

नो क्लेम बोनसचा हिशेब त्याहून वाईट. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षांनी पन्नास. ही उतरंड चढायला पाच वर्षं लागतात. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नवी घेतली नाही तर ती सगळी एका झटक्यात शून्यावर येते. कागदावर नव्वद दिवस भरपूर वाटतात. पण तक्रार केलेल्या माणसाला काय सुचतं? निकाल लागू दे, मग पैसे भरू. कंपनी तक्रारीला चौदा दिवसांत उत्तर देते खरी, पण ते ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’ असंही असू शकतं. मग नवी तक्रार, नवा क्रमांक, पुन्हा चौदा दिवस. घड्याळ मात्र नव्वद दिवसांचंच चालू असतं आणि तक्रार प्रलंबित आहे म्हणून ते थांबत नाही. मी वाट बघितली नाही, नवे पैसे भरून नवी पॉलिसी घेतली. बोनस त्यांच्याच चुकीच्या नोंदीप्रमाणे पंचेचाळीस टक्के धरला गेला. पहिले पैसे पुढे यथावकाश परत आले, बिनव्याजी. दोन पॉलिसींच्या मधली फट ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत तशीच आहे.

कंपन्यांची एक हरकत मी ऐकून आहे आणि ती खोटी नाही. अपघात आज झाला आणि पैसे काल भरले होते असं दाखवणारे महाभाग आहेत. विमा संपलेली गाडी ठोकायची, मग घाईने रिन्यू करायची आणि आठ दिवसांनी क्लेम टाकायचा, हे चालतं. तपासणी त्यासाठीच असते आणि 64 व्हीबीचा काटेकोरपणाही त्यासाठीच. पण बँकेतून पैसे कोणत्या दिवशी, किती वाजता निघाले हे ग्राहकाला मागाहून बदलता येत नाही. माझे पैसे मुदत संपण्याच्या आधी गेले, हे सांगायला माझी गरजच नाही, कंपनीचं स्वतःचं बँक स्टेटमेंट ते सांगतं. जिथे लबाडीला जागाच नाही तिथेही लबाडांसाठीचा नियम लावायचा असेल, तर तो सावधपणा म्हणता येणार नाही, तो आळस आहे.

रिझर्व्ह बँकेने हाच प्रश्न बँकांपुरता कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचल्याची नोंद झाली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे, तेही त्याने तक्रार करायची वाट न पाहता. शंभर रुपये किरकोळ वाटतील, पण त्यामुळे बँकेच्या यंत्रणेत कुणालातरी रोज सकाळी अडकलेल्या पैशांची यादी बघावी लागते. माझ्या प्रकरणात हा नियम लागू झाला नाही, कारण पैसे अडकले नव्हते, पोचले होते. बँक म्हणाली, व्यवहार यशस्वी. कंपनी म्हणाली, पॉलिसी नाही. दोघंही खरं बोलत होते आणि मी मधल्या मध्ये. सस्पेन्स खात्यातल्या हप्त्याला रोजचे शंभर रुपये लागले असते, तर काहीशे रुपयांच्या फरकासाठी कंपनीने मला पहिल्याच दिवशी फोन केला असता, अशी माझी खात्री आहे.

हा घोळ फक्त बोनसच्या टक्क्यांनी होतो असं नाही. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलले तेव्हा आपोआप कापले जाणारे अनेक हप्ते कापलेच गेले नाहीत. ऑटो-डेबिटला दिलेल्या संमतीची रक्कम आणि नव्या वर्षाचा हप्ता जुळला नाही की व्यवहार नाकारला जातो. रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या व्यवहारांसाठी चोवीस तास आधी सूचना देण्याची सक्ती केली आणि 2023 च्या अखेरीस विम्याच्या हप्त्यांसाठी आपोआप कापण्याची मर्यादा एक लाखापर्यंत नेली. सोय वाढली. सोय वाढली की माणूस निर्धास्त होतो, आणि हप्ता कापला गेला नाही हे त्याला कळतं ते माझ्यासारखं नाकाबंदीत.

आपल्या प्राधिकरणाने 2047 पर्यंत सर्वांना विमा असं उद्दिष्ट ठेवलं आहे. रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही, असं सरकारी आकडे सांगतात. त्या गर्दीत बहुतेक जुन्या दुचाकी आहेत, ज्यांचे मालक विम्याकडे फिरकतच नाहीत. त्यांना आणायला जाहिराती चालल्या आहेत, दंड वाढले आहेत, ‘बीमा सुगम’ नावाचा सगळ्या कंपन्यांचा सामाईक डिजिटल बाजार उभा राहतो आहे. पण जो स्वतःहून येतो, पैसे भरतो, त्याला बिलातल्या चुकीपायी त्याच गर्दीत ढकलायचं, याला काय म्हणावं?

माझी मागणी मोठी नाही. विमा कायद्याच्या कलम 34 खाली कंपन्यांना निर्देश देण्याचा अधिकार आपल्याला आहे. कंपनीने स्वतः कळवलेली रिन्यूअलची रक्कम मुदतीत तिच्या खात्यात जमा झाली, तर त्या क्षणापासून जोखीम कंपनीची, असा निर्देश आपण द्यावा. हिशेबात फरक निघाला तर तो कंपनीने मागाहून वसूल करावा, तो माझ्या नावे निघत असेल तर माझ्याकडून आणि तिच्याच चुकीचा असेल तर तिने सोसावा, पण विमा तुटू नये. सस्पेन्स खात्यात पडलेला प्रत्येक मोटार हप्ता मुदत संपण्याच्या आधी ग्राहकाला कळवलाच पाहिजे. कळवला नाही तर ब्रेक-इन नाही, तपासणी नाही, बोनसची नव्वद दिवसांची मोजणी नाही. आणि कंपनीची चूक सिद्ध झाली तर मधली फट पाठीमागून भरलेली ‘वाहन’च्या नोंदीत दिसली पाहिजे, म्हणजे चलान रद्द करून घेण्यासाठी माणसाकडे दाखवायला काहीतरी राहील. मनीऑर्डरच्या स्पष्टीकरणाचा आत्मा हाच आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘बीमा सुगम’ची यंत्रणा अजून घडत असतानाच हे त्यात बसवणं सोपं आहे, नंतर अवघड जाईल.

पत्र खुलं आहे, म्हणून दोन शब्द वाचकांसाठीही. रिन्यूअलचे पैसे भरल्यावर पावतीवर समाधान मानू नका, पॉलिसीची पीडीएफ हातात येईपर्यंत काम झालं नाही असं समजा आणि नंतर एम-परिवहन या सरकारी ॲपवर आपल्या गाडीच्या नोंदीत नवी तारीख आली का ते पाहा. नाही आली आणि मुदत संपली, तर भांडण नंतर करा. आधी कोणत्याही कंपनीची निदान थर्ड पार्टी पॉलिसी घ्या. तिला सहसा तपासणी लागत नाही आणि 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 1 जून 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे जीएसटीशिवाय 3,416 रुपयांत ती मिळते. ती येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक, रिन्यूअल नोटीस आणि पावतीचा एसएमएस जपून ठेवा. रिन्यूअल नोटीस विशेषकरून, कारण आकडा कुणी सांगितला हे तीच सिद्ध करते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा, प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा दारवठाही उघडा आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही.

पण महोदय, लोकपाल नुकसान भरून देतील ते ज्याचं नुकसान झालं आणि जो तक्रारीपर्यंत पोचला त्याचं. काहीशे रुपयांच्या फरकाने ज्यांचा विमा तुटला आहे आणि ज्यांना ते अजून ठाऊकच नाही, अशी माणसं आत्ता हे वाचलं जात असताना रस्त्यावर गाडी चालवत असतील. त्यांच्यापर्यंत लोकपाल पोचू शकत नाहीत, आपलं एक परिपत्रक पोचू शकतं. सस्पेन्स खात्यांत आजच्या तारखेला मोटार विम्याचे किती हप्ते पडून आहेत आणि त्यांतल्या किती ग्राहकांना कळवलं आहे, एवढी माहिती सगळ्या कंपन्यांकडून मागवावी आणि ती जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक विमाधारक
नाशिक